साबळे सर आणि एडक्याची घंटा

साबळे सर सायकलवरून कधीच पडले नाहीत. ते उतरायचे. मुरमाच्या घसरणीवर सायकल एकीकडे, सर दुसरीकडे आणि चष्मा तिसरीकडे अशा अवस्थेत मी त्यांना कितीतरी वेळा उचललं आहे. दर वेळी पँटवरची माती झटकत ते एकच वाक्य बोलायचे, "पडलो न्हाय, उतरलो." त्यावर कोणी हसलं तर त्यांना राग येत नसे. "लागलं का हो?" असं कोणी विचारलं, की मात्र यायचा. "लागायला काय, पडलोय व्हय मी?" असं म्हणून ते वाकडं झालेलं हँडल, पुढचं चाक गुडघ्यांत धरून, सरळ करायला लागायचे.

माझी नि त्यांची पहिली गाठ कॅनॉलच्या भरावावर पडली. माझी जळोचीला रोपवाटिका आहे. वांगी-मिरचीची रोपं एका गिऱ्हाइकाला पोचवून मी मोटरसायकलवरून परत येत होतो. बघतो तर भरावावर एक सायकल चाकं वर करून ठेवलेली, आणि शेजारी एक चांगला शिकलासवरलेला दिसणारा गृहस्थ सायकलची ट्यूब गालाला लावून, डोळे मिटून बसलेला. मला वाटलं, माणूस ट्यूब छातीशी धरून रडतोय की काय. गाडी थांबवून मी विचारलं, "काय झालं, पाव्हणं?"

"गप ऱ्हावा जरा," डोळे न उघडता ते म्हणाले. "वारा कुठनं येतोय ते बघतोय."

ट्यूब हळूहळू गालावरून फिरली, एका जागी थांबली, आणि त्यांनी तिथं खडूनं फुली मारली. खडू त्यांच्या खिशातच होता. मी म्हटलं, "अहो, एवढा कॅनॉल वाहतोय. पाण्यात बुडवली असती तर लगेच बुडबुडे दिसले असते."

"बुडबुडं बघायला नजर लागती. गालाला कायबी लागत न्हाय."

हे उत्तर मला तेव्हा विक्षिप्तपणाचं वाटलं होतं. त्याचा खरा अर्थ पुढं बऱ्याच वर्षांनी कळला. पण त्या दिवशी मी नुसता हसलो. पंक्चर काढून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे, विशेषतः माझ्या पोटाकडे, शांतपणे बघितलं आणि विचारलं, "तुमी सायकल चालवत हुता का कवा?"

"शाळेत असताना चालवायचो की."

"मग तवा जे उतरला ते परत चढलाच न्हाय?"

झालं. महिनाभरात मी जाड टायरची, गिअरची सायकल घेऊन त्यांच्या मागं माळावर धापा टाकत होतो. घरच्यांनी कपाळावर हात मारला. बायको म्हणाली, "वेड लागायला माणूस भेटावा लागतो म्हणतात, तो तुम्हाला भेटला." खोटं कशाला सांगू, तिचं बरोबरच होतं.

गौतम साबळे हे नाव. बारामतीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मूळचे इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे. आजोबांच्या वेळेला घरानं बौद्ध धम्म घेतला, वडिलांनी चार एकर रान ओलिताखाली आणलं, आणि हे शिकून मास्तर झाले. वर्गात ते अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. "प्रकाश नेहमी सरळ रेषेत प्रवास करतो," हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलेली पोरं आज मोठमोठ्या कंपन्यांत आहेत. पण शाळा सुटली, सायकल कन्हेरीच्या वळणाला लागली, की सर वरकुट्याचे होऊन जायचे. मी एकदा त्यांना याबद्दल छेडलं, तर म्हणाले, "शाळंची भाषा शाळंच्या कपाटात ठेवून येतो. माळावर तिला धूळ लागंल."

आमचा नेम ठरलेला होता. शनिवारी शाळा सुटली की निघायचं, कुठंतरी मुक्काम करायचा आणि रविवारी घरी यायचं. डांबरी सडकेचा त्यांना तिटकारा. कन्हेरीपलीकडे वनखात्याच्या रानाच्या कडेकडेनं, मग मुरमाड टेकाडावरून, मग उघड्या माळावरून जायचं. चिंकारा दिसला की सायकल आडवी टाकून गप्प बसायचं. या सहलींना त्यांचे नियम होते. फोन पिशवीच्या तळाला. चढावर बोलायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम, "किती राहिलं?" हे विचारायचं नाही. त्यांचे काही जुने विद्यार्थी एकदा पुण्याहून अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून, मोटारीएवढ्या किमतीच्या सायकली घेऊन आले होते. त्यातल्या एकानं दुसऱ्याच टेकाडावर विचारलं, "सर, अजून किती?" सर थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "किती राहिलं ते इचारणाऱ्यानं एसटीनं यावं. तितं तिकिटावर लिव्हलेलं असतं." पोरगं पुढं वरकुट्यापर्यंत तोंड मिटून आलं.

दात-ओठ खात पायडल मारणारा माणूस त्यांना खपायचा नाही. मला तर सारखं ऐकावं लागायचं. "दत्तोबा, सायकल हाय ती. नांगर न्हाय. जरा लाडीगोडीनं घ्या." सराट्याचे काटे टायरमध्ये घुसले की मी सराट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो आणि सर ट्यूब गालाला लावून, डोळे मिटून, ब्रह्मानंदात बसायचे.

बहुतेक सहलींचा मुक्काम वरकुट्याला, त्यांच्या आक्काकडे असायचा. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून सरांना तिनंच वाढवलं. लग्न होऊन गावातच दिली होती, आता माहेरच्याच घरात राहून भावाचं नि स्वतःचं अशी दोन्ही रानं बघायची. उंच, काटक, कमरेला पदर खोचलेली बाई. सरांना सायकल तिनं शिकवली. तिला स्वतःला चालवता येत नव्हती, पण वडिलांची सायकल घेऊन, सीट मागून धरून ती सडकेपासून घरापर्यंतच्या रानवाटेवर पळायची. सर सांगायचे, "सीट धरलीया म्हणत हुती. म्हणत म्हणत कवा सोडली त्येचा पत्त्या न्हाय. घराम्होरं आलो आन् मागं बघितलं, तर आक्का तितं लांब, बोअरच्या खोलीपाशी उभी. हात वर करून." हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी जरा बारीक व्हायचा.

त्यानंतर सर जेव्हा जेव्हा वरकुट्याला गेले, तेव्हा त्या वाटेनं सायकलवर बसूनच गेले. नोकरी लागली तेव्हा, लग्न ठरलं तेव्हा, पोरगी झाली तेव्हा पेढे घेऊन. आणि आक्का दर वेळी घरासमोर उभी राहून त्यांना येताना बघायची. दोघं एकमेकांना याबद्दल काही बोलत नसत. पण तो त्यांचा सण होता.

निवृत्तीच्या आधी दोनेक वर्षांपासून सरांचं 'उतरणं' वाढलं. मी चेष्टा करायचो, वय झालं म्हणायचो. मग एकदा कॅनॉलच्या कडेला उभी असलेली, उसानं भरलेली अख्खी ट्रॉली त्यांना दिसली नाही. बाहेर आलेल्या उसांत खांदा घासून गेला, बाही फाटली. "पडलो न्हाय," ते म्हणाले, पण पुढचा शब्द बोलले नाहीत. त्या संध्याकाळी रोपवाटिकेत माझ्या शेजारी बसून त्यांनी सांगितलं. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलं होतं, मधलं जात चाललं होतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधानं थोडं लांबतं, इतकंच.

"कसं दिसतं म्हंजे?" मी विचारलं.

शेजारी ठिबकच्या नळीचा तुकडा पडला होता. तो उचलून त्यांनी माझ्या डोळ्याला लावला. "असं. आन् रोज एक नंबर बारीक नळी."

मी त्या नळीतून समोरचं एक मिरचीचं रोप बघितलं. बाकी सगळं काळं. मला फार वाईट वाटलं. मी नळी खाली ठेवली आणि उगाचच कामगारांवर ओरडलो की पाणी का सोडलं नाही.

सरांची मुलगी प्रज्ञा पुण्यात नोकरीला. आईवडिलांनी आपल्याकडे राहायला यावं असं तिनं ठरवलं आणि ते योग्यच होतं. शोभावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, इस्पितळात परिचारिका होत्या, त्यांनाही घरात एकटीनं सगळं निभावणं अवघड होत चाललं होतं. सर निवृत्त झाले, तेव्हा संक्रांतीनंतर जायचं ठरलं. आणि पौषातल्या थंडीत एके दिवशी सर माझ्याकडे येऊन म्हणाले, "दत्तोबा, एकदा वरकुट्याला जाऊन येऊ. सायकलनं."

मी साफ नाही म्हटलं. मोटारीनं नेतो म्हटलं. हवं तर सायकल गाडीत टाकू, शेवटच्या वळणावर उतरू म्हटलं.

"आक्काला ठावं न्हाय," ते म्हणाले. "डोळ्याचं तिला सांगितलंच न्हाय मी. पुण्याला पोरीकडं चाललो, नातवंडं बघायला, एवढंच सांगितलंय. तिच्या म्होरं एकदा सायकलवरनं जायचंय. तिनं शिकवलेली हाय. मग काय व्हायचं ते हू द्या."

"पण तुमाला वाट दिसनार कशी?"

"त्येचा इचार केलाय मी."

दर वर्षी खतासाठी आमच्या रानात बाबूआबांची मेंढरं बसतात. आबा म्हणजे सत्तरीचे, लाल पागोट्याचे मेंढपाळ. त्यांच्या कळपाच्या पुढं एक एडका चालायचा, त्याच्या गळ्यात पितळी घंटा. कळपात एक आंधळी मेंढी होती. सरांनी तिला कित्येक दिवस न्याहाळलं होतं, मी रोपं मोजत असताना. ती कधी चुकत नव्हती, काट्यात जात नव्हती. घंटेच्या मागं मागं, मान जरा तिरकी करून, सगळ्यांच्या बरोबर चालायची.

"तुमी एडका," सर मला म्हणाले, "मी मेंढी."

आबांकडे दुसऱ्याही घंटा होत्या. पण सरांनी एडक्याच्या गळ्यातलीच मागितली. "हिचा आवाज मऊ हाय. लांबनं बी कुठनं आला ते कळतं." आबांनी कशाला हवी ते विचारलं नाही. मास्तर माणूस, शाळेत दाखवायला नेत असेल, असं त्यांना वाटलं असावं. घंटा काढून दिली, एडक्याला नवी बांधली आणि चार दिवसांनी कळप घेऊन पुढच्या रानाला गेले.

उरल्या शोभावहिनी. त्यांनी घंटा बघितली, माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "एक अट आहे," त्या म्हणाल्या. "पडायचं नाही."

"मी कवा पडलोय?" सर म्हणाले.

येतोय, सायकलनं, असा आक्काला निरोप धाडून शनिवारी उन्हं जरा वर आल्यावर निघालो. घंटा माझ्या सीटखाली बांधलेली. मी पुढं, सर दहा-बारा हातांवर मागं. धक्का बसला की घंटा वाजायची, आणि मी मागं न बघता ओरडायचो, "उजवीकडं चर", "उतार", "बाभळीची फांदी हाय, वाका." सपाट रस्त्यावर मात्र घंटा गप्प. लगेच मागून हाक, "दत्तोबा, कुठं गेला?" मग मला सीटवर बसल्या बसल्या ढुंगण हलवून सायकल डुलवावी लागायची. माझ्यासारख्या वजनदार माणसानं भर जळोचीतून हा प्रकार करत जाणं म्हणजे काय, ते बघणाऱ्यांनाच विचारा. ओळखीचे दोघं तर हॉटेलातून बाहेर येऊन बघत उभे राहिले. शेवटी सरच म्हणाले, "खराब वाटंनं घ्या. डांबरावर तुमी मुकं होताय."

खरोखरच कन्हेरी सोडून मुरमाला लागलो आणि सगळं जमून गेलं. दगड, खड्डे, खडबडीत चढ, घंटा अखंड वाजतेय आणि मागून सरांच्या चाकाखालचा खडखडाट बरोबर त्याच लयीत येतोय. टेकाडावर पोचल्यावर मी थांबलो, तर ते माझ्या मागच्या चाकाला अलगद चाक लावून थांबले. चेहरा घामानं डबडबलेला आणि लहान पोरासारखा खुललेला. "चांगला एडका हाय," ते म्हणाले. मी पाणी दिलं. त्यांनी हात नेमका बाटलीवर नेला, मला बरं वाटलं.

पुढं मोठा माळ. वाळलेलं पिवळं गवत, मधून मधून हिवराची झुडपं. घंटा मस्त वाजत होती आणि मी उताराला सायकल सोडली होती. थोड्या वेळानं मागं काहीतरी वेगळाच आवाज यायला लागला. आधी वाटलं वारा असेल. मग सरांची हाक आली.

"दत्तोबा, माझ्या मागं कोण येतंय एवढं?"

मी वळून बघितलं आणि माझी बोबडीच वळली. माझ्या नि सरांच्या मधे मेंढरं, सरांच्या दोन्ही अंगांना मेंढरं, मागं धुळीचा लोट आणि त्यात आणखी मेंढरं. अख्खा कळप माझ्या घंटेच्या मागं पळत सुटला होता, आणि सर त्याच्या मधोमध सायकलवर, पाय वर घेऊन, वरातीतल्या नवरदेवासारखे. मी घाबरून जोरात पायडल मारलं. घंटा आणखी जोरात वाजली. मेंढरं आणखी जोरात पळाली. मग सुचलं की थांबावं. मी थांबलो, मेंढरं थांबली, सर मात्र थांबू शकले नाहीत. ते सायकलसकट लोकरीत शिरले आणि दिसेनासे झाले.

मी धावलो. चार-पाच मेंढरांच्या मधे सर निवांत बसले होते, एकीच्या पाठीवर कोपर टेकून. "पडलो न्हाय," ते म्हणाले आणि हसायला लागले. मीही तिथंच मातीत बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

एवढ्यात काठी उगारून, शिव्या देत बाबूआबा आले. "आरं ए, माझी मेंढरं कुठं पळवतूस?" जवळ आल्यावर त्यांनी आम्हाला ओळखलं, मग माझ्या सीटखाली बघितलं आणि काठी खाली घेतली. "व्हय की. घंटा माझीच." नव्या घंटेला कळपातलं कोणी विचारत नव्हतं. एडका पुढं जायचा आणि मेंढरं आपली मागंच चरत राहायची. आबा पार वैतागले होते. "मास्तर, घंटा परत द्या. तुमची शाळा झाली आसंल की आता."

सर उठले, कपडे झटकले. बहिणीपासून लपवलेलं, सोबतच्या शिक्षकांपासून लपवलेलं, ते त्यांनी तिथं उघड्या माळावर सरळ सांगून टाकलं. "आबा, डोळं चाललं माजं. हिच्या आवाजावर वरकुट्याला निघालोय. आक्काकडं. आजच्या दिस ऱ्हाऊ द्या."

आबा आणखी जवळ आले. बराच वेळ सरांच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

"ती आंधळी कुठं हाय?" सरांनी विचारलं.

"ती काय," आबा म्हणाले. "समद्यात फुडं तीच हुती." मग त्यांनी माझ्या सायकलजवळ येऊन घंटेची दोरी जरा ढिली झाली होती ती स्वतः आवळली. "ऱ्हाऊ द्या तुमालाच. मेंढरं काय, शिकत्याल नव्या घंटेला." कळप लांब जाईपर्यंत मी घंटेत रुमाल कोंबून उभा होतो. सर आबांच्या दिशेनं हात जोडून उभे होते. आबा आता त्या दिशेला नव्हते, कधीच वळून टेकाडापलीकडे गेले होते, पण मी काही बोललो नाही.

वरकुट्याच्या शिवारात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. ज्वारी डोक्याइतकी वाढून हुरड्यात आलेली, गार वारा सुटलेला. ऊन उतरलं की सरांना जवळजवळ काही दिसत नसे, हे मला माहीत होतं, म्हणून मी घाई करत होतो. सडक सोडून आक्काच्या रानवाटेला वळायच्या आधी ते थांबले.

"आता घंटा काढा."

"सर, खुळं झालाय का? एका अंगाला चर हाय, दुसरीकडं ऊस."

"आक्का इचारंल, घंटा कशाला. काय सांगू?" ते म्हणाले. "काढा. आन् तुमी मागनं या. मी फुडं जातो."

मी हातापाया पडलो म्हणा ना. बोअरच्या मोटरचा आवाज येतोय, पण त्यावर भरवसा नाही, चर खोल आहे, वहिनींना मी काय तोंड दाखवू, सगळं बोलून झालं. ते ऐकतील तर शपथ. सायकलवर बसले, पुढचं चाक हातानं वाटेच्या मधोमध लावून घेतलं. मी घंटा काढून पिशवीत टाकली. आता हा माणूस चरात जाणार, बहिणीच्या डोळ्यांदेखत जाणार, आणि ज्यासाठी एवढं केलं ते सगळं मातीमोल होणार, असं मला दिसत होतं.

सर निघाले. सावकाश, पण न अडखळता. बोअरच्या खोलीपर्यंत गेले. तिथं वाट डावीकडे वळते. सर डावीकडे वळले, अगदी बरोबर वळले, आणि तेव्हा माझं लक्ष वाटेच्या कडेला गेलं. दोन्ही बाजूंनी हातभर अंतरावर दगड मांडले होते आणि प्रत्येक दगडाला चुना लावला होता. पांढराशुभ्र, ताजा. गवतावर ओघळ अजून ओले होते. सडकेपासून वळणापर्यंत, वळणापासून घरापर्यंत, कलत्या उन्हात ते दगड नुसते उजळून निघाले होते. इतकी वर्षं मी त्या वाटेनं येत होतो, तिथं एक दगड कधी बघितला नव्हता.

घरासमोर आक्का उभी होती. सर तिच्या पुढ्यात जाऊन थांबले, पाय टेकला. "जय भीम, आक्का."

"जय भीम. लई उशीर केलास रं," ती म्हणाली. "च्या कवाची उकळतीया." आणि भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवायचा म्हणून तिनं हात वर केला, तो पुन्हा खाली घेतला. बोटांना, नखांत, मनगटापर्यंत चुना होता. तो पदराला पुसून मग तिनं हात फिरवला.

सकाळी सर आंघोळीला गेले तेव्हा आम्ही हुरड्याच्या आगटीपाशी बसलो होतो. मी काही विचारायच्या आधी आक्काच बोलली. "मागल्या उन्हाळ्यात आला हुता. पान्याचा तांब्या फुडं केला, तर ह्येचा हात तांब्याच्या बाजूनं गेला. दुसऱ्यांदा बी तसंच. मी वाढवलाय त्याला, दत्तूभाऊ. मला कळंना व्हय?" कणीस चोळत ती जरा थांबली. "त्यानं न्हाय सांगितलं म्हंजे सांगायचं त्येच्या मनात न्हाय. तुमी बी त्येला काय बोलू नगा. सायकलवर आला, बास झालं." डोळ्याला पदर लावून धुराला चार शब्द सुनावले तिनं.

परतीच्या वाटेवर सरांना गगन ठेंगणं झालं होतं. घंटेच्या मागं सायकल चालवत सारखे बोलत होते, चढावर बोलायचं नाही हा स्वतःचाच नियम मोडून. "आक्काला काय कळलं न्हाय, दत्तोबा. जरासुद्धा न्हाय." मी हो ला हो म्हणत गेलो. घरी वहिनी दारातच होत्या. "एकदा बी पडलो न्हाय," सरांनी जाहीर केलं. वहिनींनी त्यांच्या शर्टाच्या पाठीवरून लोकरीचा पुंजका काढला, माझ्याकडे बघितलं आणि आत चहा ठेवायला गेल्या.

संक्रांतीनंतर सर पुण्याला गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सायकल स्वतः पुसली, साखळीला तेल घातलं, हातानं चाचपत एकेक नट आवळला आणि ती माझ्या रोपवाटिकेतल्या शेडमध्ये आणून लावली. "उतरलो," सायकलच्या सीटवर हात ठेवून ते एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत उरलीसुरली नजरही गेली. दर शनिवारी त्यांचा फोन येतो. कुठं गेलता, सराटं कसं हाय, कन्हेरीची चढण कुणी सपाट तर केली न्हाय ना, असं सगळं विचारतात. मग म्हणतात, "घंटा वाजवा." मी फोन घंटेजवळ धरून सायकल हलवतो. थोड्या वेळानं म्हणतात, "बास."

यंदा पौषात मी एकटाच वरकुट्याला गेलो. घंटा सीटखाली होतीच, ती मी काढलेली नाही. रानवाटेला वळलो तर दगड पुन्हा पांढरेशुभ्र. आक्का वळणापाशी बादली नि कुंचा घेऊन बसली होती. "औंदा कशाला, आक्का?" मी म्हटलं. "तो आला तर?" ती म्हणाली, आणि पुढच्या दगडाला लागली.

संध्याकाळी बोअरच्या खोलीपाशी उभा राहून मी सरांना फोन लावला. वरकुट्याला आलोय म्हटलं. ज्वारी कशी आहे, आक्काचे गुडघे कसे आहेत, सगळं विचारून झालं. मग ते म्हणाले, "चुना लावलाय का औंदा?"

त्या दगडांबद्दल मी या माणसाला कधी एका अक्षरानं बोललो नव्हतो.

"दिसला हुता तुमाला?"

"दत्तोबा, त्या सांजंला मला दुसरं काय बी दिसत नव्हतं. वाट न्हाय, ऊस न्हाय, आक्काचं तोंड बी न्हाय. तेवढंच दोन्ही अंगानं पांढरं पांढरं दिसलं. मला वाटलं, सीट धरलीया तिनं."

"मग बोलला का न्हाय?"

"तिला वाटतंय मला ठावं न्हाय. वाटू द्या. तुमी तिला सांगू नगा."

मी बरं म्हटलं. फोन खिशात टाकून घराकडे आलो, तर आक्का दारात हात धूत होती. चुना काही नीट निघत नव्हता.

"गौतमचा फोन हुता?" तिनं विचारलं. "दगडांचं काय बोलला न्हाय न्हवं त्येला?"

"न्हाय," मी म्हटलं.